पैशांच्या बातम्या : कोणत्या वाचाव्यात, कशा तपासाव्यात? छोट्या बचतदारांसाठी माहिती

सकाळी मोबाइल उघडला की सेन्सेक्स किती उसळला, सोने कितीवर गेले, कोणत्या बँकेवर कारवाई झाली, कोणता शेअर पैसे दुप्पट करणार, अशा बातम्यांचा मारा सुरू होतो. आम्ही वस्त्यांमध्ये सामाजिक काम करतो. आमच्याकडे असे संदेश घेऊन येणाऱ्यांत पालिकेतून निवृत्त झालेले कामगार असतात, अंगणवाडी सेविका असतात, बचत गटातल्या ताई असतात आणि पहिलीच पगाराची नोकरी लागलेली मुलेमुलीही असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "हे खरं आहे का, आणि आता आम्ही काय करायचं?"

हा प्रश्न साधा नाही. यातल्या अनेक घरांत पगार, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतली ठेव या गोष्टी एका पिढीपूर्वी आल्या. आईवडिलांनी कर्ज फेडताना पाहिले, पण गुंतवणूक करताना पाहिले नाही. त्यामुळे निवृत्तीची रक्कम किंवा नुकसानभरपाई हातात पडते तेव्हा सल्ला द्यायला दहा माणसे येतात, पण तो सल्ला तपासून पाहणारे घरात कोणी नसते. ती रक्कम आयुष्यात एकदाच येते. ती बुडाली तर मुलीचे शिक्षण थांबते किंवा म्हातारपणी पुन्हा काम शोधावे लागते.

आमचे सांगणे असे की रोजच्या आर्थिक बातम्यांपैकी बहुतेकांवर आपल्याला काहीही करायचे नसते. वर्षातून ठरलेल्या वेळी येणाऱ्या मोजक्या बातम्या मात्र घराच्या हिशेबाला लागतात. त्या नेमाने वाचल्या तर आपल्या हाती एक मोजपट्टी येते, आणि कोणी मोठ्या परताव्याचे आमिष दाखवले तर ते या मोजपट्टीवर लावून पाहता येते. या लेखात कोणत्याही योजनेची शिफारस नाही. बातमी कशी वाचावी एवढाच त्याचा विषय आहे.

१. महागाईचा दर

दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय किरकोळ महागाईचा दर जाहीर करते. गेल्या वर्षी याच महिन्यात ज्या वस्तू व सेवांना १०० रुपये लागत होते, त्यांना आज किती लागतात, हे त्यावरून कळते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, ती २ च्या खाली आणि ६ च्या वर जाऊ नये, असे उद्दिष्ट सरकारने २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेला ठरवून दिले.

दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असा अर्थ अनेकजण काढतात. तो चुकीचा आहे. महागाईचा दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला, तरी किमती वाढतातच, फक्त वाढीचा वेग मंदावतो. दर शून्याखाली गेला तरच किमती उतरल्या असे म्हणता येते.

बचतीशी याचा थेट संबंध आहे. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळत असेल आणि महागाई ५ टक्के असेल, तर आपल्या पैशाची खरी वाढ दीड टक्काच होते. महागाई सतत ६ टक्के राहिली तर साधारण १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणून घरात रोख साठवून ठेवलेले पैसे सुरक्षित वाटले, तरी त्यांची किंमत हळूहळू झिजत असते.

रुपयाची खरेदीशक्ती हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. परदेशी चलनाशी रुपयाचा भाव काय, यापेक्षा देशात रुपयाला काय विकत मिळते ते स्थिर राहिले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. दर महिन्याच्या महागाईच्या आकड्यातून आपण तेच पाहत असतो.

२. रेपो दर

रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बैठक घेते. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो रेपो दर. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ पासून वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात तो तीन टप्प्यांत साडेपाच टक्क्यांवर उतरवण्यात आला.

घरकर्ज असलेल्यांसाठी ही बातमी महत्त्वाची आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली बदलत्या व्याजदराची नवी घरकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी असेल, तर साडेआठ टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. साडेसात टक्क्यांनी तो १६,११२ होतो. महिन्याला साडेबाराशेच्या आसपास फरक पडतो.

मात्र दर कमी झाल्यावर बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. त्यामुळे हप्ता बदलला नाही म्हणून फायदा मिळालाच नाही, असे समजू नये. बँकेत जाऊन उरलेले हप्ते किती ते विचारावे. कर्ज जुने असेल, तर ते कोणत्या दराशी जोडलेले आहे हेही विचारावे. गृहवित्त कंपन्यांना रेपोशी जोडणीचे हे बंधन लागू नाही, म्हणून त्यांच्या ग्राहकांनी करारातली दराची अट पाहावी.

याच बातमीची दुसरी बाजू ठेवीदाराची आहे. रेपो उतरला की काही आठवड्यांत मुदत ठेवींचे दर उतरू लागतात. चालू ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो, पण नूतनीकरण नव्या दराने होते. निवृत्त माणसाने घरखर्चाचा हिशेब करताना हे लक्षात घ्यावे.

३. अल्पबचत योजनांचे दर

टपाल कार्यालयातील बचत योजना, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, सुकन्या समृद्धी, ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांचे दर केंद्राचे अर्थ मंत्रालय दर तीन महिन्यांनी ठरवते. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या अखेरीस त्याची घोषणा होते.

३१ मार्च २०२१ च्या रात्री दरकपातीचा आदेश निघाला. त्यात पीपीएफचा दर ७.१ वरून ६.४ टक्क्यांवर आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, नजरचुकीने निघालेला हा आदेश मागे घेत असल्याचे अर्थमंत्र्यांनी जाहीर केले. रात्री बातमी वाचून कोणी घाईत निर्णय घेतला असता, तर सकाळी त्याचा आधारच उरला नव्हता. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत ७.१ टक्केच राहिला.

दर बदलल्याची बातमी आपल्याला लागू आहे का, हे योजनेवर अवलंबून असते. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, टपाल खात्याची मुदत ठेव आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांत पैसे ठेवताना जो दर असतो तो मुदतभर मिळतो. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीत मात्र सरकारने दर बदलला की आपल्या जुन्या शिलकीलाही नवा दर लागतो. ज्येष्ठांच्या योजनेत एप्रिल २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते.

४. बँकेवर कारवाई झाल्याची बातमी

ही बातमी सर्वांत जास्त घाबरवते. तिचे तीन प्रकार आहेत आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

दंड : नियम न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँक लहानमोठ्या बँकांना वरचेवर दंड करते. त्याचा ग्राहकांच्या व्यवहारावर परिणाम होत नाही. तरीही 'अमुक बँकेवर मोठी कारवाई' अशा मथळ्याखाली ही बातमी फिरते आणि लोक पैसे काढायला धावतात.

निर्बंध : यात बँकेला नवी कर्जे देण्यावर, ठेवी घेण्यावर आणि ग्राहकाने पैसे काढण्यावर मर्यादा येते. ही बातमी गंभीर असते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची योजना ठरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

परवाना रद्द : यानंतर बँक बंद होते आणि ठेवीदाराला विम्याच्या रकमेवर अवलंबून राहावे लागते.

ठेव विमा महामंडळाचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाले. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे. ती प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत एकदाच मिळते, म्हणून एकाच बँकेच्या चार शाखांत आपल्या नावे चार ठेवी असल्या तरी संरक्षण एकूण पाच लाखांचेच. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे निवृत्तीची सगळी रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवू नये. ती दोन-तीन बँकांत विभागावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. पतसंस्था, मल्टिस्टेट पतसंस्था आणि भिशी यांना हा विमा लागू नाही. पतसंस्थेच्या पाटीवर 'सहकारी' आहे, आत काउंटर आहे, पासबुक मिळते, म्हणून ती बँक होत नाही. पतसंस्था एक-दोन टक्के जास्त व्याज देते तेव्हा त्या जास्तीच्या व्याजामागे ही जोखीम असते. पतसंस्थेत पैसे असतील तर सभासद म्हणून वार्षिक अहवाल मागावा, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकीत कर्जे पाहावीत आणि ३० सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बसावे. जेवणाचे कूपन घेऊन परत येण्यासाठी ती सभा नसते.

५. शेअर बाजाराच्या बातम्या

'सेन्सेक्स ५७० अंकांनी कोसळला' हा मथळा भीतीदायक वाटतो. हर्षद मेहता प्रकरणात २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला तेव्हा ती घसरण जवळपास १३ टक्के होती. सेन्सेक्स ८०,००० वर असताना तेवढेच ५७० अंक म्हणजे पाऊण टक्काही होत नाही. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, तो सुमारे ४,३९० अंकांनी पडला. अंक १९९२ च्या कितीतरी पट, पण घसरण ५.७ टक्के. म्हणून अंक सोडून द्यावेत आणि टक्केवारी पाहावी. शिवाय सेन्सेक्स म्हणजे ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्यावरून देशातल्या प्रत्येक घराची स्थिती कळत नाही.

दरमहा थोडी रक्कम म्युच्युअल फंडात घालणाऱ्याला रोजचा निर्देशांक पाहण्याची गरज नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत लग्नाला, फीला किंवा घराच्या डिपॉझिटला लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवू नयेत, एवढा नियम पाळला तरी बाजाराच्या बहुतेक बातम्यांची धास्ती उरत नाही. 'गेल्या वर्षी ४० टक्के परतावा' या जाहिरातीत गेल्या वर्षाची माहिती असते, पुढच्या वर्षाचे वचन नसते. नव्या फंडाचे युनिट १० रुपयांना मिळते म्हणून ते स्वस्त, हाही गैरसमज आहे. त्या पैशातून फंड तेच शेअर बाजारभावानेच विकत घेतो.

तरुणांना आम्ही एक आकडा वारंवार सांगतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांचा सेबीने केलेला अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पुढच्या वर्षीही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. मोबाइलवर नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणारा उरलेल्या सात-नऊ जणांतला आहे की त्याला फक्त क्लासची फी हवी आहे, हे आपण ओळखू शकत नाही.

६. घोषणा आणि अंमलबजावणी

अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. त्या दिवशीचे मथळे अर्धेच सांगतात. २०२५ मध्ये '१२ लाखांपर्यंत कर नाही' ही बातमी गाजली. ती खरी होती, पण नव्या कर प्रणालीपुरती आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. कराचे टप्पे मात्र ४ लाखांनंतरच सुरू होतात आणि शेअर किंवा शेअर फंड विकून झालेल्या भांडवली नफ्याच्या करावर ही सवलत मिळत नाही. एवढा तपशील मथळ्यात मावत नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या व्याजाची बातमी दोनदा येते. आधी केंद्रीय विश्वस्त मंडळ दराची शिफारस करते आणि नंतर अर्थ मंत्रालय मंजुरी देते. त्यानंतर व्याज खात्यात जमा होते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी दर ८.२५ टक्के होता. पहिली बातमी वाचून लगेच पासबुकात व्याज शोधू नये.

कोणत्याही सरकारी घोषणेबाबत तीन प्रश्न विचारावेत : हा नुसता प्रस्ताव आहे की आदेश निघाला? लागू कधीपासून? मला लागू आहे का?

७. बातमीच्या वेषातली फसवणूक

अलीकडे फसवणूक बातमीचे रूप घेऊन येते. प्रसिद्ध उद्योगपती किंवा मंत्री एखाद्या 'योजनेची' शिफारस करत असल्याचा बनावट व्हिडिओ येतो. मग व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात घेतले जाते. तिथे रोज नफा झाल्याचे संदेश पडतात. ॲपवर आपले पैसे वाढलेले दिसतात, पण काढायला गेलो की आधी 'कर' भरा म्हणतात.

इथे आपली मोजपट्टी कामाला येते. रेपो दर वर्षाला पाच-सहा टक्के आणि टपाल खात्याच्या योजना सात-आठ टक्के देत असताना कोणी आठवड्याला ५ टक्के देतो म्हणाला, तर हिशेब करावा. आठवड्याला ५ टक्के चक्रवाढीने एका लाखाचे वर्षात साडेबारा लाख होतात. असा धंदा ज्याच्याकडे आहे त्याला आपल्या लाखभर रुपयांची गरज कशाला पडेल? जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत उघडकीस आलेल्या टोरेस प्रकरणात खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परताव्याचे आमिष होते. दुकाने झगमगीत होती आणि सुरुवातीला पैसे मिळतही होते. ते नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून दिले जातात तोवरच अशा योजना चालतात.

पैसे देण्याआधी एवढे तपासावे :

- सल्ला देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी आहे का? गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए' आणि संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड विक्रेत्याकडे 'एआरएन' क्रमांक असतो. क्रमांक ऐकून न थांबता तो सेबीच्या किंवा म्युच्युअल फंड संघटनेच्या संकेतस्थळावर शोधून नाव जुळते का ते पाहावे.
- पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात मागितले का? मागितले असतील तर तिथेच थांबावे.
- परताव्याची हमी दिली का? नोंदणीकृत सल्लागाराला अशी हमी देता येत नाही.
- ठेव घेणारी संस्था परवानाधारक आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पाहता येते. तक्रारही तिथे करता येते.
- विमा पॉलिसी घेतल्यावर ती नको वाटली, तर ३० दिवसांत परत करता येते.
- ऑनलाइन पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि त्यामुळे त्याच चाळीतली आणखी चार घरे फसतात. त्याला दोष न देता बोलते करणे हे शेजाऱ्यांचे काम आहे.

८. वर्षभराचे वेळापत्रक

- दर महिन्याची १२ तारीख : किरकोळ महागाईचा दर
- दर दोन महिन्यांनी : पतधोरण आणि रेपो दर
- मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अखेर : अल्पबचत योजनांचे दर
- १ फेब्रुवारी : केंद्रीय अर्थसंकल्प
- वर्षातून दोनदा, आधी शिफारस व मग मंजुरी : भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर
- ३१ जुलै : पगारदारांसाठी आयकर विवरणपत्राची नेहमीची मुदत. मुदतवाढीची बातमी आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पाहूनच मानावी
- ३० सप्टेंबरपर्यंत : पतसंस्थेची वार्षिक सभा

एवढ्या बातम्यांसाठी महिन्याला तासभर पुरतो. रिझर्व्ह बँक आणि सेबी यांच्या आर्थिक शिक्षणाच्या पुस्तिका मराठीतही आहेत. मराठी दैनिकांचे अर्थविषयक पानही उपयोगी आहे, फक्त त्यातला लेख आणि जाहिरात वेगळी ओळखावी.

आमची सूचना अशी की हे वाचन एकट्याने करू नये. बचत गटाच्या मासिक बैठकीत किंवा विहारातल्या रविवारच्या बैठकीनंतर पंधरा मिनिटे यासाठी ठेवावीत. एका वहीत महिन्याचा महागाईचा दर, रेपो दर, आपल्या बँकेचा ठेवीचा दर आणि टपाल योजनांचे दर लिहावेत. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलीकडे वही सोपवावी. वस्तीत कोणी नवी 'स्कीम' घेऊन आला, तर त्याला बैठकीत बोलवावे, वही समोर ठेवावी आणि त्याने सांगितलेला परतावा त्या आकड्यांशेजारी सगळ्यांदेखत लिहावा. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक असेल तर तोही लिहून घ्यावा. क्रमांक सांगायला तो तयार नसेल, तर त्या बैठकीत कोणीही पैसे देऊ नयेत.